ट्रॉलरमध्ये पैसे घालावेत का?

रानवारा

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ मूळचा रत्नागिरीचा, सध्या लोट्याच्या एका केमिकल कंपनीत पर्मनंट. वय ३२. तिथल्या मिरकरवाडा बंदरात एक ट्रॉलर (तळाशी जाळं ओढत मासे पकडणारी इंजिनाची बोट) विकायला निघालाय, तो तीन मित्रांनी मिळून घ्यायचा असं घाटतंय. लाकडी बोट, वरून फायबरचा लेप, सहा सिलिंडरचं इंजिन, जाळी आणि विंच (जाळं ओढून घेणारं यंत्र) यांसकट. याच्या वाट्याला १८ लाख येतात, त्यातले १२ कर्जाने. नोकरी सोडायची नाही, तांडेल (बोटीचा कप्तान) आणि खलाशी ठेवायचे, आपण शनिवार-रविवार जाऊन हिशेब बघायचा, असा बेत.

त्याच्या डोक्यात २०२१ ची ती बातमी घट्ट बसलीय. पालघरजवळच्या मुरबे गावच्या बोटीला पावसाळी बंदी उठल्या उठल्या दीडशेच्या वर घोळ मासे लागले आणि लिलावात सव्वा कोटीहून जास्त आले. मावशीचं म्हणणं एकच, पैसे पाण्यात घालू नकोस. आमच्या घरात दर्यावर जाणारं कोणी नाही, त्यामुळे कुणाचं खरं मानायचं कळत नाही. ज्यांचा या धंद्याशी प्रत्यक्ष संबंध आहे त्यांनी कृपया लिहा. पैसा सुटतो का? आणि धोका किती?

कुर्लीकालवण

मासे खाण्यापलीकडे माझा संबंध नाही, पण धाग्यावर बसून राहणार.

दर्यावर

आमच्या घरात दोन ट्रॉलर होते, आता एक आहे. म्हणून वहीतलंच सांगतो.

आठ-दहा दिवसांची फेरी धरा. डिझेल दोन ते अडीच हजार लिटर. वर बर्फ, रेशन, पिण्याचं पाणी, ऑइल, गॅस. बोट धक्क्यावरून सुटायच्या आधी अडीच-तीन लाख गेलेले असतात. डिझेलवरचा व्हॅट मच्छीमाराला परत मिळतो, पण पंपावर पूर्ण पैसे आज मोजायचे आणि परतावा सोसायटीमार्फत यायला महिने जातात. त्यात सिझनच्या तोंडाला खलाशांना आगाऊ रक्कम द्यावी लागते. ती द्यायला पैसे नसले की व्यापाऱ्याकडून उचल. उचल घेतली की मासळी त्यालाच घालायची आणि भावही तोच ठरवणार. लिलावात दुसरा कोणी किलोमागे वीस रुपये जास्त देत असला तरी तुम्ही बघत उभे.

बोटीचं पोट म्हाकूल-माकूल (कटलफिश, स्क्विड), कोळंबी आणि बळ्यावर (रिबनफिश) भरतं, कारण हा माल एक्स्पोर्टला जातो. पापलेट-सुरमई मिळाली तर वरकड. ऑगस्ट ते ऑक्टोबर बरे जातात. डिसेंबरनंतर अशा फेऱ्या येतात की डिझेलही निघत नाही, पण बोट उभी ठेवली तर खलाशी गावाला पळतात, म्हणून पाठवावी लागते. १ जून ते ३१ जुलै बंदी. तेव्हा बोट वर ओढायची, बूड खरवडायचं, फटी भरायच्या, रंग, इंजिन खोलून बघायचं. कमाई शून्य आणि खर्च सगळ्यात मोठा. बँकेचा हप्ता बंदी पाळत नाही.

नफा होतच नाही असं म्हणणार नाही. म्हाकूल लागलेल्या वर्षी आम्ही घराचा स्लॅब टाकला, बहिणीचं लग्न केलं. पण ती वर्षं आता विरळ झालीत.

घोळीबद्दल: तिची किंमत मांसाला नाही, पोटातल्या बोताला. तो परदेशात जातो. आणि तसा थवा लागणं तांडेलाच्याही हातात नाही. त्या एका बोटीची बातमी झाली. त्याच दिवशी रिकाम्या आलेल्या बोटींची बातमी कोण छापणार?

राहिलं शनिवार-रविवारचं. बोट कधीही येते, पहाटे तीनला, मंगळवारी दुपारी. मासळी उतरताना वजनाला मालक किंवा घरचं माणूस उभं पाहिजे. भर समुद्रात चांगला माल दुसऱ्या बोटीला विकला गेला किंवा चार पिंपं डिझेल उतरवलं, तर लोट्याला बसून कळणार नाही. माझ्या माहितीत नोकरी सांभाळून बोट चालवणारे जे होते, त्यांनी दोन-तीन वर्षांत बोट विकली.

जुईली७

दर्यावर यांनी घरचं माणूस म्हटलंय, त्यात बहुतेक वेळा बायका असतात हे नोंदवून ठेवते. माझी आई हर्णैला वाळूवर लिलावात बसायची. बोटी बाहेर नांगरतात, होड्यांतून टोपल्या किनाऱ्यावर येतात आणि ढीग मांडून बोली लागते. कुठल्या बोटीची मासळी किती दिवसांची आहे हे ती कल्ला उचलून, डोळ्यात बघून सांगायची. वडील समुद्रात, हिशेब आईकडे. या तीन मित्रांच्या घरातून धक्क्यावर कोण उभं राहणार आहे?

मतलई

मालकाचा धोका वर आला. आता खलाशाचा. मी बारावीनंतर काही सिझन ट्रॉलरवर होतो, नंतर आयटीआय केलं.

ट्रॉलचं जाळं तोंडाशी उघडं ठेवायला दोन बोर्ड असतात. जाड लाकडाच्या फळ्या, कडेला लोखंड ठोकलेलं, एक-एक उचलायला चौघं लागतील अशी. जाळं वर घेताना हे बोर्ड बोटीच्या मागच्या बाजूला लटकतात आणि बोट हलली की झुलतात. मध्ये माणूस सापडला तर संपलं. विंचची वायर जुनी झाली की तिचे तुटके तंतू हातमोज्यातून आरपार जातात. जाळं खाली खडकाला किंवा बुडालेल्या बोटीला अडकतं तेव्हा वायर अशी ताणते की तिचा आवाज बदलतो. तो आवाज आला की तांडेल ओरडायचा आणि सगळे पुढे पळायचे. तुटलेली वायर कुठे येऊन बसेल सांगता येत नाही. माझ्यासोबतच्या एका नेपाळी पोराची दोन बोटं ड्रममध्ये गेली. धक्का चौदा तास लांब. टॉवेल गुंडाळून त्याला केबिनमध्ये बसवला. जाळं अर्धं पाण्यात होतं, आधी ते वर घेतलं आणि मगच बोट वळवली. हे मला अजून पटलेलं नाही.

मासळी डेकवर ओतली की निवडायला उकिडवे बसायचं. ढिगात शिंगाळ्याचे काटे, पाकटाची नांगी, कधी समुद्रसाप. साप विषारी असतो, पण रोजचा झाला की पोरं शेपटीला धरून भिरकावतात. हात सतत खाऱ्या पाण्यात, त्यामुळे छोटी जखमही भरत नाही. जाळं दोन-तीन तासांनी वर येतं, म्हणजे झोप दीड-दोन तासांच्या तुकड्यांची. बहुतेक अपघात पहाटेचे असतात ते यामुळे.

आणि एक गोष्ट, जी प्रत्येकाला माहीत असायला हवी: मासळीचा खण. तळाला कुजकं पाणी आणि मासळी साचली आणि झाकण बंद राहिलं की विषारी वायू तयार होतो. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो, मग येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला नाही, नाक बधिर झालेलं असतं. एक उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. झाकणं उघडून भरपूर वारा खेळू द्यायचा, वर माणूस ठेवायचा, कमरेला दोरी बांधूनच उतरायचं. तुमचा भाऊ केमिकल कंपनीत आहे, त्याला हायड्रोजन सल्फाइड समजावून सांगावं लागणार नाही. मालक झाला तर त्याने हा एक नियम तरी बोटीवर लावावा.

कुर्लीकालवण

मतलई, हे वाचून ताटातल्या म्हाकुलाकडे वेगळ्या नजरेने बघतोय. मनापासून लिहिलंत.

मालवणी_माणूस

आमचो आजो रापणीत होतो. बापाशीन कर्ज काढून ट्रॉलर घेतल्यान. आता भाव मुंबयत सिक्युरिटीत आसा. घराण्याचो इतिहास तीन वाक्यांत सांगितलंय.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं. इथे सगळे ट्रॉलरला काय होतं ते लिहितायत, ट्रॉलर काय करतो ते कोणी लिहिलं नाही. समुद्राचा तळ खरवडून निघतो. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर रात्री कळपाने येतात आणि आमच्या छोट्या होड्यांची जाळी फाडून नेतात. सकाळी नुसता दोर हातात. १९८१ चा राज्याचा कायदा आहे. किनाऱ्यालगत, जागेनुसार ५ किंवा १० वाव खोलीच्या आत (एक वाव म्हणजे सहा फूट) यांत्रिक ट्रॉलिंग बंद. पण गस्तीची बोट एक आणि समुद्र एवढा. अशा धंद्यात कोणी नव्याने पैसे घालू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

दर्यावर

मालवणी_माणूस, तुमचा राग समजतो. पण सगळे ट्रॉलर एका दोरीत बांधू नका. मलपीच्या मोठ्या बोटींचा त्रास आम्हालाही होतो, त्यांच्या इंजिनपुढे आमची बोट उभी राहत नाही. त्यात एलईडी दिवे लावून पर्ससीन (थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) मारणारे. दिव्याखाली आलेला थवाच्या थवा उचलला की मागे काय राहणार? केंद्राने २०१७ ला एलईडी मासेमारी बंद केली. राज्याने २०२१ मध्ये कायदा बदलून दंड ५ ते २० लाखांवर नेला. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही फिरतायत. तरी रात्री खोल समुद्रात दिवे दिसतात.

मालवणी_माणूस

दिवे दिसतात हे बरोबर. पण आपला ट्रॉलर दहा वावांच्या आत कधी येत नाही, असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल का?

दर्यावर

कोळंबीच्या दिवसांत येतात. आमचा तांडेलही गेलेला आहे. मी त्याला दोनदा बोललो, तो म्हणाला, मग डिझेलचे पैसे कुठून काढू? कोंडी आहे ती इथे आहे.

झुआरीकाठ

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे हे भांडण सत्तरच्या दशकात पेटलं होतं. रापणकार रस्त्यावर उतरले, बोटी जाळण्यापर्यंत गेलं आणि त्यातून १९८० चा कायदा आला. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत ट्रॉलरला मनाई. कागदावर.

पण मला खलाशांबद्दल लिहायचंय. आमच्या ट्रॉलरवर गोंयकार क्वचितच, बहुतेक ओडिशा, झारखंडचे. टाळेबंदीत ते महिनोन् महिने बोटींवरच अडकले होते. २०२४ मध्ये कुटबणच्या जेटीवर कॉलरा पसरला आणि खलाशी दगावले. एवढ्या माणसांना पुरेसे संडास नाहीत, स्वच्छ पाणी नाही, बोटीवर दाटीवाटीने राहायचं. मालकीणबाई म्हणून माझ्या मावशीने त्यानंतर स्वतःच्या खलाशांसाठी जवळ खोली भाड्याने घेतली. खर्च फार नाही. आधीच करता आला असता, असं ती स्वतःच म्हणते.

चिकूवाडी

डहाणू-तलासरी-पालघरकडचे आमचे आदिवासी बांधव दरवर्षी वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर जातात. गावात भातानंतर काम नसतं, मुकादम उचल देतो आणि पोरं जातात. तिकडे मासळी कच्छच्या बाजूला, सीमारेषेजवळ. पाण्यावर रेघ नसते. पाकिस्तानी सुरक्षा यंत्रणेने बोट पकडली की सगळे कराचीच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. आमच्याकडे काही घरांत या दोन तारखा सणासारख्या लक्षात ठेवतात, कारण यादीत नाव आलं तरच माणूस जिवंत असल्याचं कळतं. शिक्षा संपल्यावरही सुटका लांबते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर बोटीवर गोळीबार झाला आणि पालघरचा एक मच्छीमार गेला.

बोट गेली तर मालकाचं मोठं नुकसान होतं, मान्य. पण घरातला एकुलता कमावता माणूस तिकडे अडकला की इकडे मुकादम उचलीचा हिशेब मागायला दारात येतो, हे मी पाहिलंय.

घाटमाथा

पुण्यातून एक भाबडा प्रश्न. मासळी कमी झाली म्हणता, पण बाजारात तळहाताएवढी पापलेटं ढिगाने दिसतात. ती कुठून येतात?

प्लवक

@घाटमाथा, ती तळहाताएवढी पापलेटं हेच मासळी कमी होण्याचं कारण. मी मत्स्यविज्ञान शिकलेय.

पापलेटाने एकदाही अंडी घालायच्या आत ते जाळ्यात येतं. ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटी पिशवी असते, तिला कॉडएंड म्हणतात. साध्या जाळ्याचे शंकरपाळ्याच्या आकाराचे डोळे ओढ बसली की मिटतात आणि बोटभर पिल्लूही बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून कॉडएंडला ४० मिलिमीटरचे चौरस डोळे ठेवायचा नियम आहे. चौरस डोळा ताणाखाली उघडा राहतो. प्रत्यक्षात धक्क्यावर उभं राहून बघा. ट्रेमध्ये वर म्हाकूल आणि खाली चिखलासारखा दिसणारा बारीक माशांचा थर. तो फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) कारखान्यात जातो, किलोला चिल्लर भावाने. त्यात उद्याची सुरमई, बांगडे, ढोमे सगळे असतात. दर्यावर म्हणाले ना, चांगली वर्षं विरळ झाली? त्याचं एक मोठं उत्तर या थरात आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला. सातपाटीचे लोक किती वर्षं ओरडत होते. किमान किती लांबीचा मासा पकडावा आणि विकावा याची ५४ जातींची यादीही राज्याने काढलीय. पण गिऱ्हाईक छोटं पापलेट हौसेने घेतंय तोवर ते पकडलं जाणार.

कासवांचंही सांगते, कारण त्यात थेट पैसा आहे. जाळ्यात कासव अडकून गुदमरू नये म्हणून त्याला बाहेर जायची खिडकी बसवतात. आपल्या ट्रॉलरवर ती नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं. वेळासला आपण कासव महोत्सव करतो आणि त्याच कासवामुळे आपल्या कोळंबीचा भाव ठरतो. शिवाय संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं तर राज्य २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना तांडेलांना अजून नीट माहीत नाही.

घाटमाथा

बाप रे. आमच्याकडे पाहुणे आले की एकेकाला अख्खं पापलेट वाढता यावं म्हणून मुद्दाम छोटी आणायचो. आता मोठं आणून तुकड्या करणार.

कुर्लीकालवण

किंवा बांगडा आणा. अख्खा वाढता येतो आणि खिसाही शाबूत. कालवणात आमसुलाचं पाणी आणि तिरफळ पडू द्या, पाहुणे पापलेटाचं नावही काढणार नाहीत.

जुईली७

तिरफळ फोडून बी काढून टाका, नाहीतर पाहुणे पुन्हा येणार नाहीत. आता विषयावर या.

मतलई

वादळांचं राहिलं. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ आमच्या किनाऱ्यावर अजून कोणी विसरलेलं नाही. सकाळपर्यंत समुद्र ठीक होता आणि बोटी बाहेर होत्या. तेव्हा बहुतेक बोटींवर मोबाइलशिवाय काही नव्हतं आणि किनारा दिसेनासा झाला की मोबाइल खेळणं होतं. २०१७ च्या ओखीत मात्र केरळ-तामिळनाडूच्या साठच्या वर बोटी देवगडला आसऱ्याला आल्या, साडेनऊशेच्या आसपास माणसं. देवगडकरांनी त्यांना जेवू घातलं. आता व्हीएचएफ रेडिओ आहे, इस्रोचा ट्रान्सपाँडर आहे, ज्यावर खोल समुद्रातही इशारा पोचतो आणि संकटात बटण दाबता येतं. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक आहे. बोट घेणाऱ्याने ही यंत्रं चालू आहेत का ते स्वतः बघावं. काही तांडेल ट्रान्सपाँडर बंद ठेवतात. आपण कुठे मासळी मारतो हे कळू नये म्हणून, किंवा नको तिथे गेलेले कळू नये म्हणून.

दुसरा धोका मोठ्या जहाजांचा. मुंबईच्या बाहेर रात्री कंटेनर जहाजं जातात, त्यांना आमची लाकडी बोट रडारवर नीट दिसत नाही आणि दिसली तरी ती पटकन वळत नाहीत. बॉम्बे हायच्या तेलविहिरींभोवती ५०० मीटर मनाई आहे, पण विहिरींच्या खांबांशी मासळी जमते म्हणून बोटी कडेकडेने घासतात.

रानवारा

सगळ्यांचे खूप आभार. भावाला अख्खा धागा वाचायला दिला. खणातल्या वायूचं वाचून तो बराच वेळ गप्प होता, त्याच्या कंपनीत तसा अपघात झालेला आहे. नोकरी सांभाळून बोट हे जमणार नाही, असं तो आता म्हणतोय. पण विषय सोडलेला नाही. तिघांतल्या एकाचे वडील निवृत्त तांडेल आहेत, ते रोज धक्क्यावर उभे राहायला तयार आहेत. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, त्यामुळे कर्ज स्वस्त पडेल, असाही त्यांचा हिशेब आहे. अशा परिस्थितीत बोट बघायला गेलं तर काय काय तपासायचं?

दर्यावर

तांडेल घरचा असेल तर गोष्ट वेगळी. आता सांगतो.

बोट पाण्यात असताना बघू नका. वर ओढल्यावर बघा, बुडाला फायबरच्या आत लाकूड कुजलेलं असतं, हातोडीने ठोकलं की भरीव आणि पोकळ आवाज कळतो. इंजिनाचं वय कागदावरून धरू नका, मेस्त्री न्या. नोंदणी आणि परवाना वेगवेगळे असतात. परवाना ट्रॉलिंगचाच आहे ना आणि चालू आहे ना ते मत्स्यव्यवसाय खात्यात जाऊन बघा. सोसायटीत त्या बोटीवर डिझेलची किंवा एनसीडीसीच्या (राष्ट्रीय सहकार विकास निगम) कर्जाची बाकी आहे का ते लेखी घ्या, पुष्कळ बोटी यामुळे स्वस्त विकायला निघतात. विमा बोटीचा वेगळा, माणसांचा वेगळा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराचा ५ लाखांचा अपघात विमा आहे, खलाशी परप्रांतीय असला तरी त्याच्या नावाचे कागद करून घ्या. आणि विकणारा का विकतोय हे धक्क्यावरच्या चहावाल्याला विचारा.

१२ लाखांचं कर्ज मला अजूनही जास्तच वाटतं. निम्मं करता आलं तर बघा.

प्लवक

आणि कॉडएंड ४० मिलिमीटर चौरस! नवीन जाळं शिवून घेणारच असाल तर पहिल्या दिवसापासून तेच शिवा. म्हातारे तांडेल कुरकुरतील. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेकडून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे याची माहिती फुकट मिळते, पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून बघून काढतात. तीही घ्या, शोधण्यात जाणारं डिझेल वाचतं.

मालवणी_माणूस

घेतलीच तर दहा वावांच्या आत येऊ नका. आलात तर मी धाग्यावर तुमच्या बोटीचा नंबर टाकेन.

रानवारा

त्याला निरोप दिला. तो म्हणतो, काका, नंबर टाकायची वेळ येऊ देणार नाही. बोट जूनमध्ये वर ओढणार आहेत, तेव्हा बघायला जायचं ठरलंय. मतलई, तुम्ही त्या सुमाराला रत्नागिरीत असाल का?

मतलई

असेन. व्यक्तिगत निरोप करतो. विंचचा ड्रम आणि वायर मी बघून देईन, बुडासाठी दर्यावर यांचा मेस्त्री घेऊ.